पावसाआधीची गजाल

२०२५ सालच्या मे महिन्याच्या २५ तारखेस नैर्ऋत्य मोसमी वारे देवगडपर्यंत येऊन पोहोचले. कोकणच्या हिशोबात पावसाचे खरे येणे मृग नक्षत्रावर, म्हणजे ७ जूनच्या आसपास. त्यास अद्याप तेरा दिवसांचा अवकाश होता; आणि त्याआधीचे काही दिवसही अवकाळी सरींनी भिजवून टाकले होते. शहरातील माणसाला ही उन्हाळ्यातून झालेली सुटका वाटली असेल. देवगड, मालवण, वेंगुर्ले या किनाऱ्यावर मात्र तो कोकमाचा ऐन हंगाम होता. रातांबे उतरवायचे, फोडायचे, मीठ लावून उन्हात घालायचे, ते दिवस हेच. आणि उन्हाचा पत्ता नव्हता.

ज्यांच्या घरी कोकम केवळ पुडीतून येते त्यांच्यासाठी ही क्रिया थोडी सांगावयास हवी. पिकलेला लाल-जांभळा रातांबा फोडून त्यातील गर व बिया काढतात. उरलेली साल म्हणजे पुढे होणारे सोल. बियांच्या गरातून सुटलेल्या रसात मीठ मिसळून त्या रसात साली बुडवितात, उन्हात पसरतात, वाळू लागल्या की पुन्हा त्याच रसात बुडवितात, पुन्हा पसरतात. अशी अनेक पुटे चढली की साल काळपट, मऊ, चकचकीत होते आणि वर्षभर, किंबहुना त्याहूनही अधिक, टिकते. पुटे कमी झाली तर रंग येत नाही. मीठ कमी पडले तर बुरशी येते. ऊन कमी पडले तर यातले काहीच साधत नाही. उरलेल्या बियाही वाया जात नाहीत. त्या वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर घट्ट तेल येते. त्यास भिरंडेल म्हणतात आणि टाचांच्या भेगांवर त्याच्यासारखे औषध नाही, असे किनाऱ्यावरचे कोणतेही घर सांगेल.

तर ऊन नाहीसे झालेल्या दिवसात, परातभर फोडलेले रातांबे समोर असताना, नव्या सुनेने काय करावे? ती पुस्तक उघडत नाही. ती गडग्यापलीकडे हाक मारते.

गडगा म्हणजे जांभ्या दगडाची सुकी रचलेली कुंपणाची भिंत, साधारण कमरेइतकी किंवा छातीइतकी उंच. दोन घरांमधील हद्द दाखविण्यासाठी ती घातलेली असते. पण तिचा खरा उपयोग कोपर टेकून बोलण्यासाठी होतो. या बोलण्यास मालवणी मुलखात 'गजाल' म्हणतात. गप्पा हा तिचा अर्थ ढोबळमानाने बरोबर आहे. परंतु गप्पा निरुद्देश असू शकतात, गजालीच्या पोटात मात्र बहुधा काहीतरी काम दडलेले असते. बोलणे सुरू होते ते कोणाच्या लग्नावरून, एस.टी. चुकल्यावरून, गावच्या जत्रेतल्या दशावतारावरून. मूळ प्रश्न मध्येच, जणू सहज आठवला म्हणून येतो. उत्तरही तितक्याच आडवळणाने येते. "आमच्यात असा करतत," एवढेच म्हणायचे. म्हणजे आमच्याकडे असे करतात. 'तू असे कर' असे कोणी म्हणत नाही. "बघ मगे, तुका कसा वाटता तां," असे म्हणून निर्णय विचारणाऱ्याच्या पदरात परत टाकलेला असतो.

ही केवळ सौजन्याची रीत नव्हे. ज्या बाईने सल्ला दिला ती उद्या, परवा आणि पुढच्या वर्षीही त्याच गडग्यापलीकडे असणार आहे. सोले बिघडली तर ती तिच्याच डोळ्यांसमोर फेकली जातील. म्हणून ती माहीत नसलेले सांगत नाही आणि माहीत असलेले अर्धवट सांगत नाही. तिला समोरच्या घराची परातही ठाऊक असते आणि अंगणात ऊन किती वाजेपर्यंत राहते तेही. आरवलीच्या जयवंत दळवींनी 'सारे प्रवासी घडीचे'मध्ये या मुलखातील माणसे रंगविली तेव्हा त्यांच्या बोलण्याचा विनोद अवघ्या महाराष्ट्राने उचलून धरला. त्या बोलण्याखालचा हा रोखठोक व्यवहार मात्र बाहेरच्या वाचकाच्या फारसा ध्यानी आला नसावा.

आता या गजालींचा हंगाम कोणता, हे पाहिले पाहिजे. कारण त्या वर्षभर सारख्या चालत नाहीत. चैत्र-वैशाखात त्या भरास येतात, कारण तेव्हा 'आगोट' जवळ आलेली असते. आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड आणि त्यासाठी करावयाची बेगमी. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. पूर्वी समुद्र बंद झाला की मुंबईची आगबोट बंद होई; घाटरस्ते दरडींनी अडत; नद्यांना पूर आला की वाडी वाडीपासून तुटे. आज कोकण रेल्वे आहे, महामार्ग आहे. तरी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि मुसळधार पावसात गावातील दुकानाचे अर्धे दार लोटलेलेच असते. घरात जे भरून ठेवले असेल त्यावर चार महिने काढावयाचे, ही मनाची घडण अजून पुसली गेलेली नाही.

म्हणून मे महिन्यात प्रत्येक अंगणात काहीतरी पसरलेले दिसते. सोले, आंबापोळी, फणसपोळी, उडदाचे पापड, कुरडया, ताकात बुडविलेली सांडगी मिरची, आठिळा म्हणजे फणसाच्या बिया, वर्षाची हळद, चिंच. आठिळा मातीत पुरून ठेवाव्यात की राखेत घोळवून, यावर दोन घरांत पिढ्यान् पिढ्या मतभेद असू शकतो. त्याचबरोबर घराचीही आगोट असते. कौले परतायची, फुटकी बदलायची, म्हणजे शाकारणी करायची. पडवीला पावसाची झड लागू नये म्हणून माडाच्या झावळांचे विणलेले झाप बांधायचे. सरपण कोरडे असतानाच आत घ्यायचे. यातील प्रत्येक गोष्टीत एक 'कधी' आहे आणि तो 'कधी' कोणत्याही छापील पुस्तकात नाही. शाकारणी फार लवकर केली तर वाऱ्याने कौले पुन्हा सरकतात. उशिरा केली तर माणूस मिळत नाही.

जैन वाचकाला हे वर्णन परके वाटू नये. चार महिन्यांच्या पावसाची तयारी हा त्याच्याही घरचा विषय आहे. तेथे त्याचे नाव चातुर्मास. पालेभाज्या बंद होण्यापूर्वी कडधान्ये निवडून, उन्हे देऊन ठेवावयाची, मसाले कुटून घ्यावयाचे, पापड-सांडगे वाळवावयाचे. पिठाची मर्यादा थंडीत ७ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात अवघे ३ दिवस, हा पाठ अनेक श्रावक घरांतील मुलींना शाळेच्या पाढ्यांबरोबरच मिळालेला असतो. मालवणची बाई हा नियम त्या शब्दांत जाणत नाही. परंतु पावसाळ्यात तांदळाचे पीठ एकदम दळून आणीत नाही, थोडे थोडे आणते, आणि आणल्यावर तव्यावर शेकून ठेवते, कारण दमट हवेत पिठाला जाळी धरते हे तिने पाहिलेले आहे. एकीकडे जीवदया, दुसरीकडे नासाडीची भीती. पण पिठाच्या डब्याचे झाकण उघडून दोघी नाकाशी नेतात ते एकाच गोष्टीचा वास घेण्यासाठी.

या दोन स्वयंपाकघरांची गाठ पडण्यास इतिहासानेही वाट करून दिलेली आहे. विजयदुर्गच्या खाडीवरचे खारेपाटण हे जुने व्यापारी ठिकाण; शिलाहार राजा रट्टराज याचा १००८ सालचा प्रसिद्ध ताम्रपट तेथलाच. तेथे जैन मंदिरही आहे. दक्षिणेकडे, वेंगुर्ले बंदरातून आंबोली घाटमार्गे बेळगावकडे जाणारा रस्ता ब्रिटिश काळात मालाने वाहत असे, कारण बेळगावच्या छावणीला जवळचे बंदर तेच. कोल्हापूर, निपाणी, बेळगाव या जैन वस्तीच्या पट्ट्यातून गूळ, मिरची, कडधान्ये घाट उतरून येत; किनाऱ्यावरून नारळ, सुपारी, कोकम, मीठ घाट चढत. मालाबरोबर माणसे येत आणि काही माणसे राहत. सिंधुदुर्गात जैन कुटुंबे आजही थोडीच आहेत, परंतु बाजारपेठेत आहेत. आणि बाजारपेठेत असणे म्हणजे गजालीच्या वाटेवरच घर बांधणे होय.

कारण बाईची गजाल जशी गडग्यावर, तशी गावाची गजाल दुकानाच्या बाकावर. कणकवलीचा मंगळवार, कुडाळचा बुधवार असे आठवडा बाजाराचे वार ठरलेले असतात. त्या दिवशी दहा वाड्यांतील माणसे एका दुकानात येतात आणि दहा वाड्यांतील अनुभव गल्ल्यासमोर जमा होतो. पापडाला कोणते उडीद घ्यावे, यंदाची बेडगी मिरची रंगाला कशी आहे, जुना गूळ पाघळतो काय, लोणच्याला खडे मीठ घ्यावे की बारीक, हे प्रश्न शेटला विचारले जातात. शेट स्वतः लोणचे घालीत नाही. परंतु गेल्या वर्षी ज्या पन्नास घरांनी त्याच्याकडून मीठ नेले त्यांपैकी कोणाची बरणी टिकली आणि कोणाची फसली, हे त्याला ठाऊक असते. तो एकाचा अनुभव दुसऱ्यास देतो. त्याच्या वहीत उधारी असते आणि डोक्यात ही दुसरी वही.

व्यापारी घरातील वाचक येथे एक क्षण थांबेल, कारण यातली मेख त्याला लगेच कळेल. सल्ला देणारा दुकानदार हा निःस्वार्थ नसतो. त्याला माल विकावयाचा असतो. मग त्याच्या शब्दावर विश्वास का ठेवावा? उत्तर असे की आगोटीचा माल एकदाच विकला जात नाही. मे महिन्यात चुकीचे मीठ गळ्यात मारले तर भाद्रपदात गणपतीच्या खरेदीला ते घर दुसऱ्या दुकानी जाईल, आणि जाताना आणखी चार घरांना गजालीत सांगून जाईल. उधारीही अशीच अडकते. छोट्या गावात खोटा सल्ला हा सर्वांत महाग माल होय. म्हणूनच जुने, मुरलेले दुकानदार 'हे घेऊ नका, अजून आठ दिवसांनी नवा माल येतो' असे सांगताना आढळतात. ज्यांनी हे केले नाही त्यांची दुकाने कोणत्या तरी मुलाच्या काळात बंद झाली. हेही बाजारात बसलेल्यांना माहीत असते, फक्त ते कोणी मोठ्याने बोलत नाही.

मिठाचा उल्लेख आला म्हणून सांगावयाचे: वेंगुर्ल्याच्या दक्षिणेस शिरोडे येथे मिठागरे आहेत. १९३० च्या मे महिन्यात तेथे मिठाचा सत्याग्रह झाला आणि शिरोडे महाराष्ट्रभर प्रसिद्ध झाले. सोलांना आणि लोणच्याला खडे मीठच लागते असे सांगणारी बाई बहुधा त्या इतिहासाविषयी बोलत नसते; पण मिठाचा खडा बोटांत चुरून ते किती ओलसर आहे हे ओळखण्याची सवय ही मिठागराशेजारी राहणाऱ्या मुलखाचीच सवय आहे. ओलसर मीठ मुठीत अधिक भरते आणि काम कमी करते. मापाने घेणारा येथे फसतो.

मालवणचे नाव काढताच मासळीचे कालवण डोळ्यांपुढे उभे राहते, आणि म्हणून जैन कुटुंबास तेथल्या शेजारणीकडून काय घेता येणार, अशी शंका वाचकाच्या मनात उठेल. ही शंका किनाऱ्याचे अर्धेच चित्र पाहून येते. त्याच घरांत सोमवार पाळला जातो, श्रावण पाळला जातो, गणपतीच्या दिवसांत कांदा-लसणाचे नाव काढीत नाहीत. नैवेद्याचा सारा स्वयंपाक त्याशिवाय होतो आणि तो बेचव नसतो. म्हणजे घाटावरून आलेल्या श्राविकेने 'कांद्यावाचून काळ्या वाटाण्याचे सांबार दाट कसे करावे' असे विचारले तर शेजारीण गोंधळत नाही. तिच्याकडे उत्तर तयार असते: शिजलेल्या वाटाण्यांतील मूठभर वाटून त्यातच घालावेत, खोबरे मंद आचेवर चांगले तांबूस होईपर्यंत भाजावे, धणे-मिरीचा हात थोडा मोकळा ठेवावा. सोलकढीचेही तसेच. लसूण नको असेल तर जिरे, हिंग आणि हिरवी मिरची ठेचून लावावी. आगळ आधी थोड्या पाण्यात उतरवून मग नारळाच्या दुधात मिसळावे, आणि काही झाले तरी चुलीवर चढवू नये, फाटते.

देवाणघेवाण एकतर्फी नसते हे अधिक महत्त्वाचे. रात्रभर आंबविलेल्या पिठाची आंबोळी अनेक जैन घरांत चालत नाही. तेव्हा त्या घरांनी किनाऱ्याचे घावन आपलेसे केले. तांदूळ थोडा वेळ भिजवून, वाटून, पातळसर पीठ तव्यावर लगेच घालायचे. आंबविणे नाही, शिळे नाही. शिरवाळ्यांनाही तोच न्याय. तांदळाच्या उकडीचे गोळे वाफवून गरम असतानाच साच्यातून दाबायचे आणि गूळ घातलेल्या नारळाच्या रसात खायचे. उलट दिशेने काय गेले? कडधान्याला ऊन देऊन, एरंडेलाचा हात फिरवून, डब्याच्या तळाशी कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ते वर्षभर कीड न लागता ठेवण्याची घाटावरची शिस्त. दिवस मावळण्यापूर्वी स्वयंपाक आवरल्याने पावसाळ्यातील दिव्याभोवतीची पाखरे अन्नात पडत नाहीत हा साधा अनुभव. आणि वहीखाते जपण्याची रीत. किनाऱ्याच्या दमट हवेत कागदाला कसर लागते, शाई फुटते. खातेवह्या भिंतीला न टेकवता लाकडी फळीवर, कोरड्या फडक्यात बांधून ठेवायच्या आणि श्रावणातले पहिले कडक ऊन पडताच एकदा उलगडून सावलीत वारा द्यायचा, हे ज्या घरांत पोथ्या जपल्या जातात त्या घरांना सांगावे लागत नाही. शेजारच्या बागायतदाराने मात्र आपल्या सातबाराच्या जुन्या कागदांसाठी ते जाणून घ्यावे असे असते.

छंदांच्या बाबतीत किनारा तितकाच बोलका आहे. फक्त एक अपवाद सोडून. सावंतवाडीचा गंजिफा हा तो अपवाद. दशावतारी गंजिफ्याचे १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने. चिताऱ्यांनी हाताने रंगविलेली. दिवसा खेळ असेल तर रामाचा मान पहिला, रात्री असेल तर कृष्णाचा. हा खेळ शिकवीत नाहीत, खेळणाऱ्याच्या पाठीशी बसून पाहत शिकतात. आणि पाठीशी बसलेल्याने तोंड उघडले तर त्याला उठविले जाते. सल्ल्याची एवढी रेलचेल असलेल्या मुलखात एका तरी जागी तो निषिद्ध असावा, हे बरेच आहे. आज मात्र तो खेळण्यासाठी विकत घेणारे थोडे, भिंतीवर लावण्यासाठी घेणारे अधिक.

बागेचा छंद याच्या अगदी उलट. तेथे प्रत्येकजण बोलतो. अबोलीची, जास्वंदीची, मोगऱ्याची फांदी मागून आणावयाची, बदल्यात आपल्याकडील द्यावयाची. चोरून आणलेले रोप चांगले लागते अशी एक समजूत साऱ्या महाराष्ट्रात आहे. अचौर्याणुव्रत घेतलेल्या घरांनी ती मानू नये, पण तिच्यामागचे निरीक्षण खोटे नाही. चोरताना माणूस घाईने कोवळी, लहान फांदी तोडतो आणि तीच लवकर मुळे धरते. या अंगणातल्या ज्ञानाला विद्येची जोड मिळाली ती वेंगुर्ल्यात. तेथील फळ संशोधन केंद्र १९५७ पासून काम करीत आहे. 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' या काजूच्या जाती, 'रत्ना' आणि बिनकोयीचा म्हणून नावाजलेला 'सिंधु' हे आंबे, कोकमाची 'कोकण अमृता' ही तेथील देणगी. काजूचे मृदुकाष्ठ कलम सरकारी पत्रकातून जितके पसरले त्याहून अधिक एका बागेतून दुसऱ्या बागेत, 'अमुकाच्या परसात बघून ये' अशा शब्दांत पसरले असावे. शेतकऱ्याला झाड पाहावयाचे असते. पत्रक नंतर.

छापील सल्ला मराठी घरांत काही नवा नाही. किर्लोस्करांचे 'स्त्री' मासिक १९३० मध्ये निघाले आणि घर, मूल, शिवण, आहार यांविषयीचे बोलणे त्याने गावोगाव नेले. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये आले आणि वाटी-चमच्याच्या मापाने त्याने हजारो नव्या गृहिणींना धीर दिला. हे मोठेच काम होते. 'अंदाजाने घाल' या उत्तराने रडकुंडीस आलेल्या मुलीला वाटी सापडली. पण पुस्तकाला अंगण दिसत नाही. 'दोन दिवस कडक उन्हात वाळवा' असे त्यात लिहिलेले असते, आणि तेराव्या दिवसाआधीच मृग आल्यावर काय करावे हे लिहिलेले नसते.

हेच आजचे खरे दुखणे आहे. गडग्यापलीकडची बाई वृद्ध झाली आहे किंवा मुलाकडे मुंबईला गेली आहे. किनाऱ्यावरची कितीतरी घरे वर्षातून दोनदा उघडतात, गणपतीला आणि मे महिन्यात. चाकरमानी येतात, कुलूप काढतात, दहा दिवसांत परततात. दरम्यान हवेची चालही बदलली. २०२१ मध्ये मे महिन्याच्या मध्यास तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले आणि झाडावरचे आंबे, घरांची कौले एकाच दिवशी जमिनीवर आली. २०२५ मध्ये पाऊसच आधी आला. जी गजाल 'मृगापर्यंत ऊन आहे' या गृहीतावर उभी होती तिला नवे बोलणे शोधावे लागत आहे, आणि तेही अशा वेळी की बोलणारी माणसे कमी झाली आहेत.

नवे बोलणे मुळीच निघत नाही असे नाही. ऊन नसेल तर सोलांचा हट्ट धरू नये, आगळ करावे. ते मिठावर टिकते, उन्हावर नाही. फोडलेल्या साली चिनी मातीच्या बरणीत मिठाचे थर देऊन ठेवाव्यात, रोज ढवळाव्यात, काही दिवसांनी सुटलेला गडद रस गाळून घ्यावा. तांब्या-पितळेचे वा ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये. ही माहिती जुनीच आहे, फक्त पूर्वी ती थोड्याशा फळांपुरती होती. आता ती साऱ्या पिकाची विमा-पॉलिसी होऊ पाहते. रातांबे एकदम न उतरवता पिकतील तसे थोडे थोडे उतरवावेत, दर खेपेची पुटे निराळी ठेवावीत, हाही असाच एक विचार. बाजारातील व्यापाऱ्याला याचा अर्थ वेगळा लागतो: सोले कमी, आगळ अधिक, म्हणजे पोत्यांऐवजी बरण्या, बाटल्या, आणि वाहतुकीत गळतीचा धोका. ज्याने हे मे महिन्यातच बाकावर बसून ऐकले त्याने बाटल्या आधी मागविल्या असतील.

आणि मुंबईला गेलेल्या मुली दूरध्वनीवर विचारतात. डोंबिवलीच्या किंवा बोरिवलीच्या घरातून, बाजारातून आणलेल्या दोन किलो रातांब्यांसमोर बसून, मालवणला आईला प्रश्न जातो: मीठ किती? 'मूठभर' हे उत्तर आता चालत नाही, कारण आईची मूठ आणि मुलीची मूठ सारखी नसते, आणि दुकानातल्या पिशवीतले बारीक मीठ हे शिरोड्याचे खडे मीठ नसते. यावर एक उपाय सोपा आहे. आईने आपली मूठ एकदा तराजूत घालून पाहावी. तराजू कोणत्याही दुकानात आहे आणि कोणताही शेट त्याला नाही म्हणणार नाही. शंभर वर्षे अंदाजात राहिलेला तो आकडा कोणीतरी वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा. तरीही आई मिठाचा आकडा लगेच सांगत नाही. तिचा प्रश्न आधी असतो. तुझ्या गॅलरीत ऊन कुठल्या बाजूने येते, आणि किती वाजता जाते?